मनकर्णेची चूल

मनकर्णा भांडखोर होती, हे आधीच सांगून टाकतो. पुढे तिच्याबद्दल पुष्कळ चांगलं सांगायचं आहे, आणि ते ऐकून कोणी तिला संतबिंत समजू नये. चांदा जिल्ह्यातल्या मूल गावाच्या अलीकडे आमचं गाव, गावाच्या कडेला तलाव, आणि तलावाच्या पाळीला लागून ढिवरांची, म्हणजे मासे धरणाऱ्यांची, वस्ती. त्या वस्तीत सकाळी कोंबड्याच्या आधी मनकर्णेचा आवाज ऐकू यायचा.

नवरा पटकीत गेला तेव्हा ती अगदी तरुण होती. माहेरी परत आली. धाकटा भाऊ सोमाजी गरीब स्वभावाचा, पण त्याची बायको गोकुळा काही कमी नव्हती. दोन तलवारी एका म्यानात कशा राहणार? महिन्याभरात मनकर्णेने भावाच्याच आवारात वेगळी खोपडी टाकली आणि वेगळी चूल मांडली.

आमच्याकडे वेगळ्या चुलीला मोठा अर्थ आहे. वैशाखात तलावाचं पाणी उतरलं की सगळी वस्ती मिळून जाळं ओढते आणि पाळीवर माशांचे सारखे ढीग घालते. एका चुलीला एक वाटा. म्हातारी असो, रांडमुंड असो, वाटा पडतोच. नेम एकच: त्या दिवशी सकाळी चुलीतून धूर निघालेला दिसला पाहिजे. ज्याचा वाटा पडतो तो गावचा. कोणता ढीग कोणाचा, यावरून तंटा नको म्हणून प्रत्येक घराची खूण ठरलेली असते. कोणाची कवडी, कोणाचा शिंपला. त्या सगळ्या टोपलीत घालून, न बघता एकेक काढून ढिगांवर ठेवतात. मनकर्णेची खूण म्हणजे एका बाजूने घासून पांढरा केलेला चिंचोका.

पुढे तिच्या पायाला चिघळलेली जखम झाली. वैदूचं काही चाललं नाही, तेव्हा सोमाजीने तिला बैलगाडीत घालून चांद्याच्या मिशन दवाखान्यात नेलं. जखम बरी झाली, पण मनकर्णा परत आली नाही. तिथे आधी झाडलोट केली, मग पट्ट्या बांधायला शिकली, मग बाळंतपणं करायला. दोन वर्षांनी तिने बाप्तिस्मा घेतला. दर वैशाखात मात्र सुट्टी काढून गावी यायची, चूल पेटवायची, वाटा घ्यायची. वस्तीचा म्होरक्या मुखरू कुरकुर करायचा, पण धूर दिसत होता, त्यामुळे त्याला गप्प बसावं लागे.

चौपन्न साली मिशनने नेपाळच्या डोंगरात दवाखाना काढला. तिकडे चार वर्षांसाठी जायला बाया हव्या होत्या. मनकर्णेने हात वर केला. निरोप घ्यायला गावी आली तेव्हा मुखरू म्हणाला, "बाई, चार वरसं चूल थंडी राहीन. मंग आल्यावर वाटा मांगू नको."

"नाई मांगत!" मनकर्णा फाडकन म्हणाली. "तुया मासोळ्याइले कोण विचारते?"

चिंचोका चुलीवरच्या कोनाड्यात टाकून ती निघून गेली. तोंडातून गेलेला शब्द आणि हातातून सुटलेली मासोळी सारखीच. हे तिला नेपाळच्या सीमेवर, रक्सौलला गाडीतून उतरल्यावर कळलं.

तिकडचं काम तिने झपाटून केलं. रेल्वे संपल्यावर दिवसचे दिवस चालायचं, पाठीवर औषधांची पेटी, समोर चढच चढ. बाया गोठ्यात बाळंत व्हायच्या. ही त्यांच्या सासवांशी मोडक्या हिंदीत भांडून त्यांना घरात, उबेला घ्यायला लावायची. भांडण इथे उपयोगी पडलं, असं ती पुढे मोठ्या अभिमानाने सांगायची. पण रोज सकाळी समोरच्या उतारावर घराघरांतून धूर निघताना दिसला की तिचं मन खाली गावाकडे जाई. आपली चूल थंड आहे. आता आपण कुठल्या?

मुदत संपली. डोंगरातल्या बायांनी तिला झेंडूच्या माळा घातल्या, रडल्या, तीही रडली. चांद्याला आली तेव्हा दवाखाना चालवणाऱ्या मिस साहेबांनी तिच्यासाठी दवाखान्याच्या आवारात खोली तयार ठेवली होती. पक्की भिंत, खिडकी, आयुष्यभराची सोय.

"रविवारी सांगते," मनकर्णा म्हणाली. "आधी गावात जाऊन येते." भावाला पाहायचं होतं, आणि आपलं तिथे काही उरलं आहे का, तेही.

लहान रुळांच्या आगगाडीने ती मूलला उतरली आणि पेटी डोक्यावर घेऊन पायी निघाली. वैशाख तापला होता. पाळीच्या वळणावर आली आणि थबकली. तिच्या खोपडीतून धूर निघत होता.

अंगण ताजं सारवलेलं. दाराशी नवा घडा. म्हणजे भावाने खोपडी कोणाला तरी देऊन टाकली! तिच्या अंगाचा तिळपापड झाला. तशीच दारात जाऊन भांडली असती तर आत कोणीच राहत नाही हे तिथल्या तिथे कळलं असतं. पण आयुष्यात पहिल्यांदा ती भांडली नाही. परक्याच्या दारात काय म्हणून भांडायचं? ती मोहाच्या झाडाखाली पेटीवर बसली. ठरलं तर मग, चांद्याची खोली बरी. सोमाजीसाठी विणलेली लोकरीची टोपी तेवढी द्यायची आणि उलट पावली फिरायचं.

वस्ती सामसूम होती. तलावाकडून गलका ऐकू येत होता, तेव्हा तिच्या ध्यानात आलं की आज जाळं आहे. पेटी पुन्हा डोक्यावर घेऊन ती पाळीवर चढली. ओढणं संपलं होतं. मरळ, झिंगे, चांदीसारख्या बारीक मासोळ्या, सगळ्याचे ढीग लागले होते. लोकांचं लक्ष टोपलीकडे होतं. मुखरू पाठ फिरवून बसला होता आणि एकेक खूण काढून मागे देत होता. कवडी. शिंपला. आणि मग तिला दिसला, एका बाजूने पांढरा चिंचोका.

तो एका चांगल्या भरघोस ढिगावर ठेवला गेला. मनकर्णेच्या डोक्यावरची पेटी धप्पकन खाली पडली. सगळ्यांनी वळून पाहिलं.

"बाई!" सोमाजी चिखलातून धावत आला. "कवा आलीस?"

"मायी खूण कोणं टाकली?" तिने विचारलं. "मायी चूल कोणं पेटवली?"

सोमाजीने गोकुळेकडे बोट दाखवलं. गोकुळा जाळं पिळत होती, तिने मान वर केली नाही. सोमाजीच सांगू लागला, "दर वरसी हेच पेटवते. पहिल्या वरसी मुखरूभाऊ म्हणे, माणूस नाई तं वाटा कायचा? हे म्हणे, नेम धुराचा हाय का माणसाचा? तो पाहा धूर."

"मी काय करू?" मुखरू पुटपुटला. "धूर तं होता."

"आन वाटा?" मनकर्णेने विचारलं.

"वाटा आम्ही खाल्ला," गोकुळा म्हणाली. "तुयी चूल फुकू फुकू डोये गेले माये. मंग काय मुखरूले देऊ?"

मनकर्णा रडली. डोळ्यांत धूर गेला म्हणाली नाही की ऊन लागलं म्हणाली नाही, सगळ्या वस्तीसमोर उघड रडली. सोमाजीला काय करावं कळेना, म्हणून त्याने पडलेल्या पेटीतून बाहेर आलेली ती लोकरीची टोपी त्या भर उन्हात डोक्यावर घातली आणि घामाने निथळत उभा राहिला.

घरी आल्यावर गोकुळेने फुंकणी तिच्या हातात दिली. "चार वरसं म्या फुकली. आता तू फुक."

रविवारी मनकर्णा चांद्याला गेली, प्रार्थनेला बसली आणि मिस साहेबांना सांगून आली की खोली दुसऱ्या कोणाला द्या, मी बाळंतपणं गावोगाव हिंडून करीन. सोमवारी सकाळी कोंबड्याच्या आधी नणंद-भावजयीचं कडाक्याचं भांडण झालं. सगळ्या वस्तीला हायसं वाटलं.