विमानातला फणस

आमच्या रत्नागिरीचा विमानतळ म्हणजे तेव्हा सड्यावरच्या उघड्या कातळावरची डांबरी पट्टी आणि कडेला दोन खोल्या. विमान यायची वेळ झाली की शिपाई काठी घेऊन गुरं हाकलायला धावे आणि आम्ही कुंपणाला लटकून त्याला सूचना करायचो. त्या विमानात आमच्या वाडीतलं कुणी बसेल हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. बसली ती माझी आई.

कारण ताई. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण तिच्या अंगात रक्त फार कमी, प्रवास अजिबात नको, असं बजावून मुंबईच्या डॉक्टरांनी तिला इस्पितळातच ठेवून घेतलं. आईला एस्टी सोसत नसे; हातखंब्याच्या पुढे ती माणसात राहत नसे. चिकट म्हणून प्रसिद्ध असलेल्या वडिलांनी विमानाचं तिकीट काढलं, तेव्हाच ते किती घाबरलेत हे आम्हाला कळलं. लेकीचं रक्त वाढावं म्हणून आईने डबाभर अळिवाचे लाडू वळले.

पण आमच्याकडे मुंबईला जाणाऱ्याने रिकाम्या हाताने जायचं नसतं. घरटी एक माणूस तिकडे नोकरीला. आदल्या दुपारपासून पडवीत पिशव्या येऊ लागल्या. आमसुलं, कुळथाचं पीठ, शेजारच्या चाचीची मुलासाठी सुकट. पलीकडच्या काकूंनी तर मुलासाठी अख्खा फणस आणला; आतून कडक गऱ्यांचा कापा की लिबलिबीत बरका, याची त्यांनाही खात्री नव्हती.

"एस्टीत चेपतो गो. विमानात धक्के नाय लागायचे."

इस्पितळात येऊन सामान घेऊन जा, असे निरोपही रातराणीच्या ड्रायव्हरबरोबर मुंबईला रवाना झाले.

विमानतळावर सामानाआधी आईलाच काट्यावर उभं केलं. ती लाजून अर्धी झाली, पण काट्याला ते दिसलं नाही. मग पिशव्या चढल्या आणि काट्यापाशी बसलेले साहेब म्हणाले, "बाई, यातलं निम्मं इथेच ठेवा."

कुंपणापलीकडे सगळी वाडी उभी, जो तो आपापल्या पिशवीवर डोळा ठेवून. आईने एकदा तिकडे पाहिलं. आपल्या साड्यांची पिशवी बाजूला काढली, वळकटी काढली आणि शेवटी लाडवांचा डबा वडिलांच्या हातात दिला.

"अगो, लेकीकडे तू जात्येस की फणस जातोय?" वडील ओरडले.

"लोकांनी विश्वासाने दिलंय," एवढंच म्हणून आई फणस कडेवर घेऊन विमानात चढली.

वडील घरापर्यंत धुमसत होते. मला तर काकूंचा मनस्वी राग आला होता. त्या भरात मी चार लाडू संपवले.

दुसऱ्या दिवशी वाण्याच्या दुकानात ट्रंककॉल आला. "हं, हं" करता करता वडील मटकन गुळाच्या ढेपेवर बसले. आई पोचली तेव्हा ताईला आत नेलं होतं, रक्त हवं होतं आणि जावई एकटेच सैरावैरा धावत होते. तेवढ्यात सामान न्यायला वाडीतली मुलं एकेक करून येऊन ठेपली. पिशव्या राहिल्या बाजूला, आईने त्यांना आधी रक्त तपासायला पिटाळलं. दोघांचं जुळलं: चाचीच्या मुलाचं आणि फणसवाल्याचं. ताई वाचली. मुलगी झाली.

वडिलांनी डोळे पुसले, उरलेले लाडू उचलले आणि चाचीच्या नि काकूंच्या दारी नेऊन वाटले. "रक्त तुमच्या घरचं गेलंय," म्हणाले, "हे तुम्हीच खा."

काकू लाडू हातात धरून कितीतरी वेळ रडल्या. मग पदराने नाक पुसून म्हणाल्या, "ते सगळं देवाने बरं केलं हो. पण फणस कापा निघाला की बरका?"