वावटळीत उभा राहिलेला मांडव

बनुबाईला कुणी 'बिचारी' म्हटलं की तिचं टाळकंच सरकायचं. "बिचारी आसंल तुझी म्हैस," असं तोंडावर सांगून ती पुढच्या कामाला लागायची. आणि काम तरी कसलं? बाईमाणसाचं नव्हे असं गावानं परस्पर ठरवून टाकलेलं, मांडव टाकायचं. श्रीरामपूरच्या आसपास कुठल्याही वस्तीवर लग्न निघालं की खांब, कापड नि दोरखंड टेम्पोत घालून बनुबाई हजर. पदर खोचलेला, कमरेला सुतळीचा गुंडा, दाढेखाली तंबाखू. हाताखालच्या गड्यांना ती अशा काही शिव्या घालायची की वऱ्हाडातली म्हातारी माणसं खुर्ची सरकवून ऐकायला बसायची.

धंदा मुळात नवऱ्याचा. एका उन्हाळ्यात, भर दुपारी, माणसांनी भरलेल्या मांडवात वावटळ घुसली. छत फुगलं, वर उचललं गेलं, आणि त्या भल्या माणसानं हातातला दोर काही सोडला नाही. छतासोबत तोही वर गेला आणि पडला तो दगडावर. गावानं लागलीच निदान केलं, वावटळीतल्या भुतानं धरला. वावटळ दिसली की थुंकायचं, पायातली चप्पल तिच्यावर भिरकवायची, पोरं घरात ओढायची, ही आपल्याकडची रीतच आहे. बनुबाईनंही त्या दिवशी चप्पल भिरकावली होती. नवरा गेला तो गेलाच, चप्पलही परत सापडली नाही.

पण दिवसकार्य उरकल्यावर बनुबाई भुतावर चिडली नाही, गाठीवर चिडली. नवऱ्यानं छत घट्ट गाठी मारून बांधलं होतं, आत शिरलेल्या वाऱ्याला बाहेर पडायला वाटच नव्हती. तेव्हापासून तिच्या छताला सुटती गाठ, जोराचा हिसका बसला की आपोआप उकलणारी. कापड गेलं तर गेलं, माणूस जाता कामा नये. खांब मात्र ती इतके खोल रोवायची की उपटताना गड्यांच्या नाकीनऊ यायचे.

एका खांबाला मात्र ती हात लावत नसे. मुहूर्तमेढ. लग्नघरचा पहिला खांब, हळदकुंकू लावून, आंब्याचा डहाळा बांधून सवाष्णींनी रोवायचा. तिथं विधवेची सावलीसुद्धा नको. मेढ रोवून होईपर्यंत बनुबाई टेम्पोच्या मागं जाऊन उभी राहायची. राग यायचा हो, लई राग यायचा. चाकाला लाथा घालायची, पण उभी राहायची, कारण पोट त्याच धंद्यावर होतं.

यंदा एप्रिलात राधाकृष्णभाऊंच्या लेकीचं, धनश्रीचं लग्न निघालं. धनश्री श्रीरामपूरला कॉलेजात भूगोल शिकवायची. मांडवाची जागा बघून बनुबाईनं कपाळावर हात मारला. ऊस तुटून गेलेला, पाचट पेटवून दिलेलं, रान काळंठिक्कर. शेजारी जनावरांसाठी लावलेला, नुकताच भिजवलेला हिरवागार घास.

"भाऊ, हितं नगं. आसल्या रानात दुपारी वावटळ उठती, मी लई डाव बघितलंय."

"दुसरी जागा हाय कुठं, बनुबाई? जाऊ द्या, देव हाय."

धनश्री तिथंच उभी होती. ती म्हणाली, "मावशी बरोबर बोलतायत, दादा. काळी जमीन जास्त तापते, तिच्यावरची हवा तापून सुसाट वर चढते. तिची जागा घ्यायला शेजारच्या घासावरची गार हवा धावते, आणि धावता धावता गिरकी घेते. झाली वावटळ."

"मंग त्ये टीव्हीत दावत्यात, घरं उडवनारं, त्ये काय आसतं?" बनुबाईनं विचारलं.

"तो टोर्नॅडो. त्याचं उलटं. वावटळ लख्ख उन्हात जमिनीवरून वर चढते, टोर्नॅडो गडगडाटी ढगातून खाली उतरतो. खालचा वारा एकीकडं, वरचा दुसरीकडं आणि जास्त जोरात वाहायला लागला की मधली हवा आडवी फिरते, पोळपाटावरच्या लाटण्यासारखी. ढगात चढणारी गरम हवा ते लाटणं उभं करते. मग ढगातून सोंड लोंबते, आणि ती जमिनीला टेकली की ट्रकसुद्धा उचलते."

"आन् भूत?"

"नुसती हवा, मावशी. ती तर दिसतही नाही. दिसते ती धूळ आणि ढगाचं पाणी."

बनुबाईनं कमरेची सुतळी सोडून उलगडली. मग म्हणाली, "म्हंजी आमच्या ह्यांना हवेनं मारलं. हवेनं आन् घट्ट गाठीनं." तिचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायची तिला गरज वाटली नाही.

लग्न गोरज मुहूर्ताचं. वऱ्हाड दुपारीच आलं. जेवणाची पंगत उठली आणि काळ्या रानात राखेचा भोवरा उभा राहिला. बघता बघता तो मांडवाएवढा झाला आणि सरळ आत शिरला. बाया किंचाळल्या, चपला भिरकावल्या गेल्या, पत्रावळी आभाळात. छताच्या गाठी पटापट सुटल्या आणि ते गुलाबी कापड भिरभिरत जाऊन घासात पडलं. दोन-चार मिनिटांत सगळं शांत. कुणाला खरचटलंसुद्धा नाही.

फक्त मुहूर्तमेढ आडवी पडली होती.

नवरदेवाचे चुलते रंगनाथआबा म्हणजे वऱ्हाडातलं बडं प्रस्थ. त्यांनी पडलेल्या मेढीकडं बोट दाखवलं. "मेढ पडली. नवरी पांढऱ्या पायाची हाय. गाड्या काढा रं!"

राधाकृष्णभाऊंच्या तोंडचं पाणी पळालं. तेवढ्यात आबांची नजर बनुबाईवर गेली. तिचं मोकळं कपाळ त्यांनी निरखलं. "आन् ही कोन? हिच्या हातचा मांडव व्हय? मंग आनखी काय हुनार!"

भाऊंना तेवढाच धागा सापडला. ते बनुबाईजवळ आले, हात जोडून हळूच म्हणाले, "तुमी आपल्यावर घ्या, बनुबाई. माझ्या हातानं झालं म्हना आन् निघून जा. पोरीवरचं बालंट जाईल. पाया पडतो."

बनुबाईनं धनश्रीकडं पाहिलं. हळदीनं पिवळी झालेली पोर मांडवाच्या दारात ताठ उभी होती. आपण एक शब्द बोललो तर हिचं लग्न लागतंय. तिचे पाय सवयीनं टेम्पोकडं वळलेसुद्धा. मग तिची नजर मांडवावर गेली आणि ती जागच्या जागी थांबली.

"न्हाई म्हननार," ती म्हणाली. आवाज पार रस्त्यापर्यंत गेला. "आबा, डोळं उघडून बघा. ह्ये समदं खांब माझ्या हातचं हायत. एक तरी हाललाय का? पडला त्यो एकच, ज्याला माझा हात न्हाई लागू दिला! वीतभर खड्ड्यात मेढ उभी केली, वर हळदकुंकू वाह्यलं. वाऱ्याला हळदकुंकू कळत न्हाई, आबा. त्याला खड्डा कळतो."

आबा लालबुंद झाले. "विधवा बाई, आन् वर तोंड करून..."

"आबा," धनश्री पुढं आली. "अमेरिकेत वर्षाला हजारावर टोर्नॅडो येतात. तिथल्या हजार नवऱ्या पांढऱ्या पायाच्या असतात का?"

वऱ्हाडात कुणीतरी फिस्सकन हसलं. आबांनी मान वळवली तसं ते हसू थांबलं.

"मेढ पुन्हा रोवायची आहे," धनश्री म्हणाली. "ती बनुमावशी रोवतील. कुणाला चालत नसेल तर गाड्या काढा, मी अडवणार नाही."

सगळ्यांच्या नजरा नवरदेवाकडं, रविराजकडं. बिचारा मुंडावळ्या सावरत उभा होता. तो टेम्पोपर्यंत गेला, पहार उचलली आणि आणून बनुबाईच्या हातात दिली. "खोल घ्या, मावशी," एवढंच म्हणाला.

बनुबाईनं स्वतःलाच एक शिवी हासडली आणि खणायला लागली. काळी राख उडाली, ढेकळं निघाली, हात कोपरापर्यंत आत गेला तरी ती थांबेना. धनश्रीनं हळदीची वाटी पुढं केली. नवरा गेल्यापासून लग्नाच्या हळदीला न शिवलेली बोटं तिनं वाटीत बुडवली आणि मेढीवर फासली. डहाळा बांधला, मेढ उभी केली, दगड ठोकून माती दाबली. गाठ मात्र तिनं घट्टच मारली. डहाळा कुणाला घेऊन उडत नाही.

उन्हं कलायला लागली होती. तेवढ्यात लांब रानाच्या टोकाला राखेची एक लहानशी गिरकी उठली. बायांचे हात सवयीनं पायाकडं गेले. रंगनाथआबांनीही वाकून जोडा काढला.

"जोडा घाला, आबा," बनुबाई म्हणाली. तिचे हात पिवळेधमक झाले होते आणि ते तिनं पुसले नव्हते. "या हिकडं. ही मेढ हालवून बघा."

आबा आले. आधी एका हातानं, मग दोन्ही हातांनी, मग अंगाचा भार टाकून त्यांनी मेढ हलवून पाहिली. सगळं वऱ्हाड बघत होतं. डहाळ्याची पानं तेवढी सळसळली.

बनुबाई गड्यांकडं वळली. "बघताय काय टकामका? छत आना रं घासातनं, गोरज व्हायला आली!"