अडीच हातांचे तुकडे

एकोणीसशे चोपन्न-पंचावन्नच्या सुमाराला हिंगणघाटात कोणाला पितळी घागर घ्यायची असो की पोरीच्या लग्नाचं कापड, लोक आधी दुकानात जात नसत. दत्तोपंत मास्तरांच्या ओट्यावर येत. मास्तरांकडे नव्हे हो, मास्तरांना वांग्याचा भाव विचारला तरी ते आकाशाकडे बघत. लोक येत ते त्यांच्या बायकोकडे, सुमित्राबाईंकडे. गावातल्या एकूणएक दुकानाचा भाव बाईंना तोंडपाठ होता.

स्वस्त मिळालं की चारचौघी बायका खूश होतात आणि पिशवी उचलून घरी जातात. सुमित्राबाई खूश व्हायच्या, पण हलायच्या नाहीत. "स्वस्त काऊन हाय, ते सांग पयले," म्हणून दुकानदारासमोर ठाण मांडून बसायच्या. मग काहीतरी निघेच. गुळाची भेली आतून ओली असे, तूर मागच्या सालची असे, पातेल्याच्या बुडाचं भोक झाळून बुजवलेलं असे. कारण कळलं की बाई समाधानानं ती वस्तू घ्यायच्या. कारण नाही कळलं तर सोन्यासारखी वस्तूही ठेवून परत यायच्या. "कारन नाई कळलं तं कोनी तरी ठगलं जाऊन राह्यलं," असं त्यांचं म्हणणं. हा नेम त्यांनी उभ्या आयुष्यात एकदाच मोडला, आणि त्याचीच ही गोष्ट.

गावातल्या एका गिरणीच्या फाटकाला लागून गिरणीचं स्वतःचं दुकान होतं. पेठेतल्या दुकानात मुंबई-अहमदाबादचं कापड मिळे. इथं सगळा माल घरचा, घरच्या छापाचा. छाप होती दोन हरणांची. धोतर असो, लठ्ठा असो की मांजरपाट, प्रत्येकाच्या टोकाला ती दोन निळी हरणं एकमेकांकडे तोंड करून उभी. कापड दणकट आणि भाव पेठेपेक्षा चांगलाच कमी. पण हरणवाला मांजरपाट अंगावर दिसला की लोक समजायचे, याच्या खिशात काही नाही. म्हणून सुमित्राबाई हरणं नेहमी आतल्या बाजूला दुमडून शिवायच्या. बाहेरून पाहणाऱ्याला वाटे, मास्तरांचं कापड पेठेतलं आहे.

या दुकानात महिन्यातून एकदा तुकड्यांचा दिवस असे. बिघडलेल्या कापडाचे तुकडे ढीग घालून तराजूवर विकत. बायका सकाळपासून रांग लावायच्या. तराजूवर महादेवराव बसायचे. माणूस चांगला, पण जिभेला हाड नाही. त्यांनीच बाईंना ढिगाची रीत समजावून सांगितली होती. विणकराच्या चुकीनं कापड कुठं विरळ पडलं की तपासणारा कारकून तिथं कात्री लावतो, आणि तुकड्यावर साच्याचा आकडा शाईच्या पेन्सिलीनं घालतो, म्हणजे कोणाच्या हातून बिघडलं ते कळतं. साचा म्हणजे कापड विणायचं यंत्र. ती पेन्सिल अशी नतद्रष्ट की पाणी लागलं की पुसायचं सोडून आणखीच जांभळी उठे.

ढिगात हाताएवढे तुकडे असत, वीतभर असत, चार हातांचेही असत. पण एकशेचौदा आकड्याचे तुकडे सगळे सारखे निघायचे. सुमित्राबाईंनी कोपरापासून मधल्या बोटापर्यंत हात लावून पाहिला. अडीच हात. दुसरा पाहिला, तोही अडीच हात. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. दोन तुकडे जोडले की मास्तरांचा सदरा व्हायचा, चार जोडले की चादर, आणि वाया जायला चिंधीसुद्धा उरायची नाही. बाई इतर बायकांचे कोपर चुकवून ढिगातून एकशेचौदाच तेवढे उपसून काढू लागल्या.

"महादेवराव, हे सारे सारकेच काऊन निघतेत?" त्यांनी एकदा विचारलं.

"बाई, तुमाले तुकडा पायजे का तुकड्याची कुंडली?" महादेवराव म्हणाले. रांगेतल्या बायका हसल्या, बाईही हसल्या, आणि कारण न कळता तुकडे घरी घेऊन आल्या. अशी दोन वर्षं गेली. मोह भल्याभल्यांना सुटत नाही, बाईंना तरी का सुटावा.

दोन वर्षांनी, पोळा झाल्यानंतरच्या तुकड्यांच्या दिवशी, तराजू सावरत महादेवराव म्हणाले, "एकशेचौदा यंदा पोटभर घेऊन घ्या बाई. पुढच्या खेपीले भेटनार नाईत. त्या साच्यावरच्या श्रावणले काढून राह्यले. लई माल बिघडवते."

बाईंच्या मागं उभ्या असलेल्या एका बाईनं हातातले तुकडे परत ढिगावर ठेवले आणि ती रांग सोडून चालू लागली. "श्रावणची बायको, जिजाबाई," महादेवराव हळू आवाजात म्हणाले, पण आता हळू बोलून काय उपयोग.

सुमित्राबाई तिच्या मागं गेल्या. खरं सांगायचं तर कळवळ्यानं नाही गेल्या. दोन वर्षं मनात अडकलेला प्रश्न आज उघडायची सोय झाली होती, म्हणून गेल्या. जिजाबाई फाटकाजवळच्या निंबाखाली उभी होती. डोळे कोरडेच होते.

"तुह्या घरवाल्याले दिसत नाई काय?" बाईंनी सरळच विचारलं.

"साहेब तसंच म्हन्तेत. मी घरी सुई ओवाले देऊन पाह्यली मास्तरीणबाई, एका झटक्यात ओवते. आता जेवाले बसला तरी आपल्याच हाताकडं पाहात राह्यते. महिना भरला की काढनार हायेत."

"किती दिस झाले त्याले या साच्यावर?"

"साल झालं. त्याच्या आंधी पुंडलिक होता, आष्टीकडचा. त्याले बी असंच काढलं. तोही माल बिघडवे."

सुमित्राबाई जागच्या जागी उभ्या राहिल्या. तुकडे तर त्या दोन वर्षांपासून घेत होत्या. म्हणजे पहिल्या वर्षाचे तुकडे पुंडलिकाचे आणि दुसऱ्या वर्षाचे श्रावणाचे. माणूस बदलला होता, आणि अडीच हात तसेच राहिले होते.

दत्तोपंत संध्याकाळी शाळेतून आले तेव्हा घरात पाय ठेवायला जागा नव्हती. पेट्या उघड्या पडल्या होत्या. चादरी, अभ्रे, परकर, गाठोड्याचं फडकं, सगळं जमिनीवर पसरलं होतं आणि बाई कात्रीच्या टोकानं एकेक शिवण उसवून आतले जांभळे आकडे वर काढत होत्या. न शिवलेले आठ तुकडे त्यांनी एकावर एक रचून ठेवले होते. कोणता कपडा कधी शिवला हे त्यांना विचारायचीच खोटी. परकर भाच्याच्या मुंजीच्या वेळचा, गाठोड्याचं फडकं पुतणी लीनाच्या बारशाचं, चादर मागच्या दिवाळीची.

"हे काय मांडलंयस?" मास्तर दारातूनच म्हणाले.

"मानूस चुकते, पन मोजून चुकत नाई," बाई म्हणाल्या आणि सगळी हकीकत सांगितली. "उद्या हे घेऊन मी गिरनीत जातो."

मास्तरांचं लक्ष एका उसवलेल्या सदऱ्याकडे गेलं. तो त्यांचा होता. आतल्या बाजूला दोन हरणं आणि एकशेचौदा. आपण पेठेतलं कापड घालतो, असं त्यांना स्वतःलाही वाटत होतं. उद्या साऱ्या गावाला कळणार होतं की हेडमास्तर व्हायला निघालेला माणूस भंगारातले तुकडे जोडून घालतो.

"मी अंगात घातलाय तोही त्यातलाच का?"

"तो तं श्रावणच्या पयल्या महिन्याचा हाय," बाई खाली मान घालून म्हणाल्या.

मास्तरांनी कोट काढला, सदरा काढला, झटकला आणि ढिगावर टाकला. "मग हाही ने," म्हणाले आणि उघड्या अंगानं ओसरीवर जाऊन बसले. बाईंना त्या घटकेला त्यांचा असा अभिमान वाटला की बस.

साचेखात्याचे साहेब तसे वाईट नव्हते, पण कामात होते. मास्तरांच्या बायकोनं टेबलावर गाठोडं सोडलं आणि वरच परकर निघाला, तेव्हा ते खिडकीबाहेर बघू लागले. दोन कारकून दारात येऊन उभे राहिले. बाईंचे कान तापले. आपण घासाघीस करतो, काटकसर करतो, हे गावाला माहीत होतं. पण आतलं कापड गावानं पाहिलं नव्हतं. तरी त्यांनी आठही तुकडे एकावर एक ठेवले. आठांच्या कडा एका रेषेत आल्या. मग दोन वर्षांची चादर आणि फडकं उलगडून दाखवलं. प्रत्येक जोड अडीच हातांवर.

"हे पुंडलिकाच्या वेळचं, हे श्रावणच्या वेळचं. साहेब, नजर गेलेला मानूस बराबर अडीच हातावरच आंधळा होते काय?"

साहेब खिडकीकडून वळले. त्यांनी खिशातली फीत काढून मोजलं, पुन्हा मोजलं. "तपासणीवाला एकेक तुकडा बघतो," ते हळूच म्हणाले, "अख्खं कापड एका जागी कोणी बघतच नाही." मग त्यांनी एकशेचौदा बंद करायला लावला.

अर्ध्या दिवसानं कळलं ते असं. विणलेलं कापड गुंडाळून पुढं ओढणारी जी चाकं असतात, त्यातल्या एका चाकाचा एक दात झिजला होता आणि दुसऱ्याचा एक मोडला होता. एकटा झिजलेला दात काही करत नसे, एकटा मोडकाही नसे. पण फिरता फिरता ते दोघं समोरासमोर आले की कापड सरकन घसरे आणि तिथं विरळ पट्टी पडे. दोघांची गाठ बरोबर अडीच हातांनी पडायची. श्रावण नोकरीवर राहिला. चाकं नवी बसली.

"आनि पुंडलिक?" बाईंनी साहेबांना विचारलं.

"तो गेला बाई. आता त्याला कुठं शोधणार? आला तर ठेवून घेऊ."

पुढच्या तुकड्यांच्या दिवशी ढिगात एकशेचौदाचा एकही तुकडा नव्हता. "आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला मास्तरीणबाई," महादेवराव म्हणाले. शेजारच्या काउंटरवर जाऊन बाईंनी पुऱ्या भावानं अख्खा मांजरपाट घेतला आणि मास्तरांचा सदरा शिवला, तो हरणं दिसतील असा. मास्तर तो घालून शाळेत गेले. ज्यांना काही म्हणायचं होतं त्यांचं आधीच म्हणून झालं होतं.

पण बाईंचं मन काही थाऱ्यावर येईना. आष्टीकडचा कोणी बाजारात भेटला की त्या भाव विचारायच्या आधी पुंडलिकाचं विचारू लागल्या. गिरणीत होता, काढून टाकला, पाहिलाय का? आठ महिने असे गेले. मग आष्टीलाच चुलतभावाच्या पोरीचं लग्न निघालं. बाई मोटारीनं गेल्या, आणि लीनाच्या बारशाचं ते फडकं आहेराच्या साड्यांभोवती बांधून नेलं. आठवडी बाजारात दोर विकणाऱ्या एका माणसाकडे कोणीतरी बोट दाखवलं. चाळिशीचा, किडकिडीत. गुडघ्यावर अंबाडी वळत बसला होता.

"तुमी हिंगनघाटच्या गिरनीत होते काय?"

"होतो," तो मान वर न करता म्हणाला. "पन माह्या हातातच खोट निघाली. आता दोरच वळतो. दोराले कोनी तपासत नाई."

बाईंनी आहेर पदरात घेतला, फडकं सोडलं आणि त्याच्यासमोर दोरांवर पसरलं. आतल्या शिवणीतला जांभळा आकडा दाखवला. त्यानं तो ओळखला. त्याचा चेहराच उतरला.

"हे तुमच्याच वेळचं हाय," बाई म्हणाल्या. "जोडापासून जोडापर्यंत मोजा."

त्यानं कोपर टेकवलं आणि हात लावला. अडीच. दुसरा जोड मोजला, अडीच. तिसराही मोजला, अडीच. बाईंनी त्याला चाकांचं सांगितलं, श्रावणाचं सांगितलं, साहेब परत घेऊ म्हणाले तेही सांगितलं. तो ऐकत होता की नाही कोण जाणे. चौथा तुकडा मोजून झाला तसं त्यानं पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतलं.

"दोन सालं झाली मले," तो शेवटी म्हणाला. "रोज याच हाताले शिव्या देऊन राह्यलो. बाई, तुमाले हे कवापासून ठाऊक होतं?"

साऱ्या बाजाराला सतरा प्रश्न विचारणाऱ्या सुमित्राबाई त्याच्यासमोर खाली बसल्या.

"सारके निघतेत, हे पयल्याच महिन्यात दिसलं होतं," त्या म्हणाल्या. "स्वस्त भेटून राह्यलं होतं, म्हनून पुढं इचारलंच नाई मी."