चौथ्या सीटवरचा इंटरव्ह्यू

अप-डाऊन करणाऱ्या माणसाला किस्से शोधायला कुठे जावं लागत नाही. गाडी स्टेशनाबाहेर आउटर सिग्नलला उभी राहिली की एकजण सुरू करतो, दुसरा त्यात भर घालतो. आणि आमची गाडी आउटरला उभी राहण्यात भलतीच तरबेज! नांदुरा ते अकोला अशी आमची रोजची मंडळी. मी अकोल्याच्या एका शाळेत चित्रकला शिकवते. त्यामुळे सगळे मला ‘मॅडम’ म्हणतात आणि मॅडम बोलायला लागल्या की झोपतात. तरी सांगतेच.

आमच्या डब्यात दोन नियम आहेत. तीन जणांच्या बाकावर चौथा आला की न सांगता सरकायचं. ही चौथी सीट. आणि उभ्या माणसाची पिशवी बसलेल्यानं मांडीवर घ्यायची. ओळख असो वा नसो!

मोटारींचं रिवाइंडिंग करणारे आमचे सलीमभाई एकदा जलंबला एका आजोबांची पिशवी मांडीवर घेऊन बसले. पारसपर्यंत पिशवी गप्प होती. पारसला तिनं बांग दिली!

आजोबा शांतपणे म्हणाले, "भेऊ नका. लय गरीब हाय थो."

सलीमभाईंनी कोंबडा अकोल्यापर्यंत मांडीवर नेला. नियम म्हणजे नियम.

*

फक्त खिडकीला नियम लागू नाही. ती गुलाबरावांची. गुलाबराव सरकारी कचेरीत बाबू आहेत आणि गाडीत आमचे अध्यक्ष. एकदा एक नवा साहेब म्हणाला, "काका, जरा खिडकी द्याल का?"

"देतो नं," गुलाबराव म्हणाले. "रिटायर झालो की पयली तुमालेच!"

*

आता वैशाली. ही माझ्या शेजारची. खामगावच्या एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते. घरून निघायचं, बस पकडायची, संध्याकाळी दिवेलागणीच्या आत परत. सगळं सोयीचं. पण तिथे तिला शिकण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि हे ती वर्षभर मला कपडे वाळत घालता घालता सांगत होती. मग अकोल्याच्या एका मोठ्या दवाखान्यात जागा निघाली. मोठी लॅब, नव्या मशिनी. तिनं अर्ज केला, इंटरव्ह्यूचं बोलावणं आलं आणि घरात प्रश्न उभा राहिला. खामगाव सोडून रोज अकोला? पोरगा पहिलीत. नवरा म्हणाला, "आई म्हणन तसं."

आई म्हणजे कमलमावशी. त्या म्हणाल्या, "अकोला किती दूर हाय, थे घड्याळाले काय कयते? मी सोता जाऊन पायतो. माही कंबर सांगन."

आणि खरोखर एक दिवस आमच्या डब्यात येऊन बसल्या!

त्या दिवशी आमची मंडळी इतकी सभ्य वागली की मला ओळखू येईनात. सलीमभाईंनी पत्ते काढले नाहीत. गुलाबरावांनी चक्क "बसा ताई" म्हटलं (खिडकी सोडून). आणि नेमकी त्याच दिवशी गाडी गायगावच्या अलीकडे जी थांबली, ती हलेचना. वैशालीचं तोंड एवढंसं झालं. गुलाबराव खिडकीतून सिग्नलला डोळे वटारत होते.

मावशींचं लक्षच नव्हतं. समोरची बाई मेथी निवडत होती. मावशींनी अर्धी जुडी आपल्या पदरात ओढून घेतली होती आणि दोघींच्या सुनांच्या, जावयांच्या गोष्टी रंगल्या होत्या. अकोला आलं तेव्हा मावशी दचकल्या.

"आलं बी? अन् भाजी तं अर्धीच झाली!"

प्लॅटफॉर्मवर उतरून त्यांनी कमरेवर हात ठेवले, थोडा विचार केला आणि निकाल दिला, "दूर नाई. जाय तू. पोराचं मी पायतो. फक्त येतानी रोज भाजी निवडून आणजो!"

*

मग इंटरव्ह्यूची तयारी. वैशाली बस सोडून आमच्याबरोबर जलंबपर्यंत यायला लागली. तिथून खामगावची छोटी गाडी धरायची. नांदुरा ते जलंब एवढ्यात आम्ही तिचा रोज इंटरव्ह्यू घ्यायचो. गुलाबराव चेअरमन.

एका सकाळी काळा कोट घातलेले एक गृहस्थ शेजारी येऊन उभे राहिले. गुलाबरावांनी आज बाहेरचा परीक्षक आणला, असं वैशालीला वाटलं. ती ताडकन उभी राहिली आणि नाव, शिक्षण, अनुभव, आवडीनिवडी, सगळं इंग्रजीत न अडखळता म्हणून दाखवलं.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. "व्हेरी गुड," ते म्हणाले. "आता पास दाखवा."

*

अडचण एकाच प्रश्नाची होती. ‘गाडी लेट झाली तर?’

गुलाबराव म्हणाले, "सांगजो का गाडी लेट होतच नाई." त्यावर अख्खा डबा हसला. पलीकडच्या बाकावर झोपलेला माणूससुद्धा!

सलीमभाई मात्र गंभीर होते. "झूट काऊन बोला? सांग त्याहिले, गाडी लेट होते, आमी नाई होत. आमी एक गाडी आधीची धरतो."

सगळ्या डब्यानं माना डोलावल्या. कारण ते खरं होतं. पावसात, उन्हात, लग्नसराईत, आमच्यातला कुणी कामावर उशिरा पोचल्याचं मला आठवत नाही. मला त्या दिवशी आमच्या त्या कळकट बाकाचा भारी अभिमान वाटला.

*

इंटरव्ह्यू दुपारी उशिरा होता. संध्याकाळच्या परतीच्या गाडीत वैशाली धापा टाकत चढली. आम्ही सरकलो. तिच्या पिशव्या कुणीतरी घेतल्या, आणि परतीला जेवणाच्या डब्यात उरलेलं सगळ्यांनी मिळून संपवायचं, या रिवाजाप्रमाणे सलीमभाईंनी त्यातला डबा उघडला.

"आधी सांग, झालं काय?" गुलाबराव म्हणाले.

"आधी बरं चाललं होतं," वैशाली म्हणाली. "एक मॅडम, एक मॅनेजर. मले लांब बाकावर बसवलं होतं. गाडीचं इचारलं, तं मी सलीमभाईचं उत्तर देल्लं. थे लिहून घेऊन राह्यले होते, तेवढ्यात मोठे डॉक्टर आले. उशिरा. खुर्ची पाहून राह्यले इकडं तिकडं."

"मंग?"

"मंग काय! मी सरकली. एकदम कोपऱ्यात. ‘या सर, होते चौथी सीट.’"

"बाकावर किती जण होते?" मी विचारलं.

"मी एकटीच, मॅडम!"

सगळी मंडळी हसून कोसळली. सलीमभाईंना ठसका लागला. भरल्या वांग्याची भाजी होती, भाकरी होती, ठेचा होता. सगळ्यांचे हात त्यात होते. "काईबी म्हण," सलीमभाई डोळे पुसत म्हणाले, "तुह्या सासूच्या हाताले चव हाय!"

"अन् मंग," वैशाली म्हणाली, "त्याहिच्या खांद्यावरची पिशवी मी मांडीवर घेतली, अन् मंग..."

ती थांबली. सलीमभाईंच्या हातातल्या डब्याकडे पाहत राहिली. शेवटचा घास गुलाबरावांच्या तोंडात होता.

"थो डबा माहा नाई," ती म्हणाली.

सलीमभाईंनी घाईघाईनं झाकण लावलं. गुलाबरावांना गिळता येईना. तेवढ्यात वैशालीचा फोन वाजला. दवाखान्यातूनच होता. तिनं घाबरून स्पीकर लावला.

"मॅडम, मोठ्या सरांची डब्याची पिशवी तुमच्याकडे आली आहे का?"

"हाव... हो सर. सॉरी सर. मी आत्ता उतरते, परत येते..."

पलीकडे कुणीतरी काहीतरी बोललं, हसलं. मग आवाज आला, "सर म्हणतात, घाई नाही. सोमवारी ड्युटीवर येताना आणा."

शेगाव आलं. गुलाबराव उठले, रिकामा डबा घेऊन खाली उतरले, प्लॅटफॉर्मच्या नळावर तो घासून, पुसून घेऊन आले. मग खिडकीकडे बोट करून वैशालीला म्हणाले, "जाय, बस तिथं."

आणि आमच्याकडे वळले.

"पायता काय बे? सरका. मी चौथा."