इंझोरीहून परत आलेला कॅन

इंझोरीच्या स्टँडवर एसटीतून उतरले तेव्हा माझ्या एका हातात बीपीचं मशीन होतं आणि दुसऱ्या हातात पाच लिटरचा पांढरा प्लास्टिकचा कॅन. सत्तरचं दशक... वाशीम जिल्हा अजून झालाही नव्हता. मी नुकतीच रिसर्चला लागलेली, सव्वीस वर्षांची, अंगात नुसता उत्साह!

माझा कॅन बघून पानठेल्यावरच्या एकानं आपुलकीनं सांगून टाकलं, "बाई, आज राकेल नाई आलं."

मी आले होते सुखदेव गुरुजींकडे. गावातल्याच शाळेत शिक्षक, वय तेहेतीस आणि बीपी दोनशे दहा! वडील चौतिसाव्या वर्षी मेंदूत रक्तस्राव होऊन गेले, काका पस्तिसाव्या वर्षी. त्या घरातल्या पुरुषांनी छत्तिसावं वर्ष पाहिलंच नव्हतं.

आमच्या हॉस्पिटलात आले तेव्हा गुरुजींनी मला एकच गोष्ट विचारली होती. "बाई, लेक सहा वर्साची हाये माही. तिचं लगन पाहीन काय मी?"

तेव्हापासून माझ्या डोक्यात एक शंका वळवळत होती. मूत्रपिंडाच्या वर ॲड्रिनल नावाची चिमुकली ग्रंथी असते. या घराण्यात ती जन्मापासूनच शरीरात मीठ साठवणारं हार्मोन भसाभसा तयार करत असेल तर? असा आनुवंशिक आजार तेव्हा जगात नुकताच ओळखला जायला लागला होता, आणि त्यावरचा इलाज होता स्टेरॉइडची एक इवलीशी गोळी! पण आधी सिद्ध करायला हवं. त्यासाठी हवी होती चोवीस तासांची लघवी, थेंब न थेंब.

रविवारचा दिवस ठरला. मी गुरुजींना दोनदा समजावलं, कॅन ओल्या पोत्यात गुंडाळून सावलीत ठेवला आणि मुक्कामाला मानोऱ्याला गेले.

सोमवारी येऊन बघते तर काय... कॅन गळ्यापर्यंत भरलेला! मी अक्षरशः उडाले. या आजारात लघवी जास्त होते असं मी वाचलं होतं. वहीत लिहून खाली दोन रेघा ओढल्या. भुशातला बर्फ मिळवला, कॅन मांडीशी धरून तीन गाड्या बदलल्या आणि स्वतःवर भयंकर खूश होत लॅबमध्ये पोचले.

चार दिवसांनी माझ्या रिसर्चच्या गाईड सरांनी बोलावलं. स्नायूंमधून येणारं क्रिएटिनिन नावाचं द्रव्य एका माणसाच्या लघवीतून दिवसाला साधारण ठरावीकच पडतं. यात निघालं तिघांचं! सर शांतपणे म्हणाले, "तुमचे गुरुजी शिकवतात, की तालमीत घुमतात?"

कान लाल झाले माझे. पुढच्या शनिवारी पुन्हा इंझोरी... या वेळी जादा म्हणून दोन कॅन घेतले. जय भीम झाला, पाणी झालं, आणि मी विचारलं की यात आणखी कोणी काही टाकलं होतं का. गुरुजी गोंधळले. वहिनी पदर तोंडाला लावून आत पळाल्या.

गुरुजींच्या आईला सगळं गाव माय म्हणायचं. ती मात्र जराही बिचकली नाही.

"म्या बी टाकलं, सुनेनं बी टाकलं. एवढी दुरून आली तू, एवढा मोठा डबा देल्ला, अन् त्यात जरासंच! पावनीचं भांडं अर्धं रिकामं वापस देऊ काय वं? आमच्यात रीत नाई तशी."

मला आधी रडू आलं, मग जे हसू फुटलं ते थांबेचना! गुरुजी बिचारे डोक्याला हात लावून बसलेले. मी मायचा हात धरून सांगितलं की यात दुसऱ्या कोणाचा एक थेंब जरी गेला तरी तुझ्या पोराचं दुखणं मला सापडणार नाही.

मग काय विचारता... रविवारभर माय कॅनजवळ काठी घेऊन बसली! सोमवारी कॅन हातात देताना म्हणाली, "कोनाले बोट लावू देल्लं नाई. आता सापडन ना?"

सापडलं! हार्मोन भरपूर वाढलेलं होतं. गुरुजींना भरती करून सरांच्या देखरेखीखाली गोळी सुरू केली. बाराव्या दिवशी बीपी घेतला तर पारा हळूहळू उतरत एकशे तीसवर आला. मला खरं वाटेना... दुसऱ्या हाताला लावून पाहिला, मग मशीन बदलून पाहिलं. एकशे तीसच! मी वॉर्डात ओरडले, आणि सिस्टर मला रागवायला आल्या त्याही ऐकून हसायला लागल्या.

तीन वर्षांनी एका दुपारी लॅबच्या दारात गुरुजी उभे. खांद्यावर पांढरा कॅन! माझा जादाचा कॅन त्यांच्याकडेच राहिला होता, आणि मी साफ विसरले होते.

"छत्तिसावं लागलं, बाई," ते म्हणाले. मग कॅन टेबलावर ठेवून म्हणाले, "मायनं धाडला. रिकामा नाई."

झाकण उघडलं तर आत घरची तुरीची डाळ, काठोकाठ. मी जरा घुटमळले तशी त्यांनी घाईघाईनं सांगितलं, "वापरला नव्हता जी... कोराच होता!"

त्या डाळीचं वरण सरांनी दोनदा मागून घेतलं.

पुढे माझं अख्खं आयुष्य बीपी, हार्मोन्स आणि जीन्समध्ये गेलं. कितीतरी घरांतून मी रक्त आणलं, लघवी आणली, वंशावळी लिहून आणल्या. पण ज्या घरातून आणलं, तिथे रिपोर्ट घेऊन स्वतः परत गेल्याशिवाय मी एकही पेपर लिहिला नाही. लोक म्हणायचे, एवढी शिस्त कोणत्या परदेशी युनिव्हर्सिटीत शिकलात?

इंझोरीत, मायकडे... भांडं रिकामं परत द्यायचं नसतं.