दप्तरवाल्या मामांची एसटी

माझ्या नावापुढे ग्रंथालयशास्त्राची पदवी लागते ती विद्यापीठाने दिली. पण ती वापरायची कशी, हे मला दप्तरवाल्या मामांनी शिकवलं, आणि जगात त्यांच्याइतका हट्टी माणूस दुसरा झालेला नाही. मुरबाडजवळच्या एका जुन्या धर्मादाय दवाखान्यात रुग्णांचे जुने केसपेपर सांभाळणं हे त्यांचं काम. ते कुणाचेच सख्खे मामा नव्हते, पण मोठ्या डॉक्टरांपासून आयाबाईंपर्यंत सगळे त्यांना मामा म्हणत आणि वचकून असत. कारण दप्तरखोलीतून गठ्ठा न्यायचा तर त्याच्या रिकाम्या जागी आपली एखादी वस्तू ठेवावी लागे, आणि ती मामा निवडत. वस्तू अशी, की तिच्यावाचून माणसाचं अडलंच पाहिजे. त्यामुळे फडताळात सिस्टरचा चष्मा, कंपाउंडरचा जेवणाचा डबा अशी मंडळी गठ्ठ्यांच्या ओळीत बसलेली असत. एकदा मोठ्या डॉक्टरांनी अख्खा राउंड एका चपलेवर घेतला. "दुसरी द्या हो मामा," ते काकुळतीने म्हणाले, तर मामा म्हणतात, "गठ्ठा आना, चप्पल न्या. मी काय ती घालून नाचनार नाय."

पण त्यांचा खरा हट्ट गठ्ठ्यांच्या क्रमाचा. साल, आजार, आडनाव, यांतलं काहीच त्यांना मान्य नव्हतं. त्यांनी केसपेपर लावले होते माळशेजकडे जाणाऱ्या एसटीच्या थांब्यांप्रमाणे. दाराशी मुरबाड, मग सरळगाव, टोकावडे, आणि पार खिडकीशी वैशाखरे. प्रत्येक गावात पुन्हा रस्त्याचं डावं अंग आणि उजवं अंग. "गावच्या मान्साला साल इचारलं तर म्हनतो, थोरलीचं लगीन झालं त्या साली. नाव इचारावं तर एका नावाची डझनभर मानसं. पन उतरायचं कुठं, ते कोन इसरत नाय," असं त्यांचं शास्त्र होतं.

मी सापगावचा, शहापूरला शिकलो, घरातला पहिला पदवीधर. शहरातल्या एका वैद्यकीय अभिलेखागारात नोकरी लागली आणि पहिलंच काम या खोलीचं मिळालं. मामा निवृत्त होणार होते, कागद आमच्याकडे यायचे होते, आणि त्याआधी त्यांची संकेतबद्ध यादी करायची होती. म्हणजे संगणकावरची अशी यादी, जिच्यात गठ्ठा, गाव, साल, आजार, प्रत्येक गोष्ट आपापल्या खुणेच्या चौकटीत बसते आणि कुठूनही शोधता येते. मामांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "चौकटीत कायपन बसव रे पोरा. पन क्रम मोडलास तर माजं सगलं आयुष्य गेलं. मंग नुसता कागूद राहील."

मला वाटलं, पदवी कुणाकडे आहे? मामा वाशिंदला लग्नाला गेले त्या दिवशी मी वैशाखऱ्याचं अख्खं फडताळ अकारविल्हे लावून टाकलं. काय सुंदर दिसत होतं! दुसऱ्या दिवशी सकाळी वैशाखऱ्याच्या एक बाई धावत आल्या. सासऱ्यांना कल्याणला हलवायचं होतं आणि त्यांच्या पोटाचं जुनं ऑपरेशन नेमकं कशाचं होतं, ते डॉक्टरांना हवं होतं. गाडी बाहेर उभी. नाव काळूराम, आडनाव अर्ध्या गावाचं एकच. माझ्या सुंदर फडताळात काळूराम नऊ निघाले, त्यातल्या तिघांचं पोट फाडलेलं. मी ते तिन्ही पेपर टेबलावर मांडून बसलो. तेवढ्यात मामा आले. फडताळाकडे एकदाच बघितलं आणि बाईंना विचारलं, "कंच्या अंगाला उतरता?"

"डाव्या. वडाच्या फुडं दुसरं घर."

मामांनी तिन्ही पेपर उलटे केले, मागे स्वतः पेन्सिलीने केलेली अंगाची नि घराची खूण बघितली आणि एक काढून दिला. गाडी गेली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुजं काय ठेवून घेऊ रे इथं? पदवीचा कागूद आनलास का?"

तीन दिवस आम्ही जमिनीवर बसून ते फडताळ पूर्ववत केलं. यादीतही मी मामांचाच क्रम उतरवला: मार्गाच्या पोटात थांबा, थांब्याच्या पोटात अंग, अंगाच्या पोटात घर. अभिलेखागारातल्या आमच्या साहेबांनी विचारलं, "ही कुठली वर्गीकरणपद्धत?" मी म्हणालो, "एसटीची, सर." ते हसले. मग म्हणाले, "ज्यानं कागद सांभाळले त्याचा क्रम मोडायचा नाही, हा तर आपला पहिला नियम. परीक्षेत लिहिला असशील की." लिहिला होता. दहापैकी नऊ मार्कही पडले होते.

'क्रम लावणारा' या चौकटीत मी मामांचं नाव घातलं, तर ते भडकलेच. "रस्ता काय मी केला? ड्रायव्हरचं पन घाल!"

कागद शहरात आले, मामा निवृत्त झाले. फोन ते उचलत नाहीत, म्हणून मी त्यांना पत्र पाठवलं:

"तीर्थस्वरूप मामा यांस, साष्टांग नमस्कार.

गठ्ठे तुमच्याच क्रमाने लागले. मी दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. रुग्णांची नावं झाकून यादी सर्वांना खुली केली, आणि एका डॉक्टरबाईंनी ती उघडून विचारलं, वैशाखऱ्याचे सर्पदंशाचे पेपर बहुतेक डाव्याच अंगाचे का? सालवार लावले असते तर हे कुणाला दिसलंच नसतं, असं त्या म्हणाल्या. त्या अंगाला असं काय आहे, ते इथे कुणालाच सांगता येईना. ती चौकट मी तुमच्यासाठी मोकळी ठेवली आहे.

खोली रिकामी झाल्यापासून तुम्ही दवाखान्याकडे फिरकला नाहीत, असं सिस्टर सांगत होत्या. कागद टिकले याचा आनंद आहे. पण तुमच्यापासून ते नेले मीच, हे मनातून जात नाही. रविवारी तुमच्याकडे येतो. तुम्ही बोला, मी लिहून घेतो. रागावलात तर तेवढं लिहिणार नाही.

आपला नम्र."