केरीची बाग तळ्याला गेली

बिदरच्या बाजूला आम्ही गल्लीला केरी म्हणतो. शब्द कन्नडमधला, पण आमच्या मराठी घरांतही तोच चालतो. माझी मैत्रीण, जिला सगळी गल्ली अक्का म्हणते, ती केरीत राहते. मी जवळच्या नव्या कॉलनीत, निवृत्त मास्तर आणि साहेबलोकांच्या वस्तीत. वॉर्ड एकच. आमच्या कॉलनीत बाग आहे. कारंजंसुद्धा आहे, ते चालत नाही ही गोष्ट वेगळी. केरीत काय आहे? दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं उंबऱ्यावर चढावं अशी वाट, आणि तिच्या टोकाला एक मोकळी जागा, जिचा उकिरडा झालेला.

अक्काचे यजमान, आमचे अण्णा, यांची बाजारात तुरीची आडत होती. हा माणूस जन्मात कधी स्वस्थ बसला नाही. मग लकवा मारला, उजवी बाजू गेली, दुकान पोराकडं गेलं. डॉक्टर म्हणाले, रोज सपाट जागेवर चालवा, नाहीतर आहे तेवढाही पाय जाईल. आता केरीत सपाट जागा आणायची कुठून? अक्का हात धरून निघायची, की मागून मोटारसायकल हॉर्न वाजवत आलीच. अण्णा भिंतीला चिकटायचे. एकदा पडले. तेव्हापासून दारातच बसायला लागले.

"चला म्हटलं की मान फिरवायलेत," अक्का मला म्हणाली. "पायाचं न्हाई गं, मनच बसलंय त्यांचं." मला फार वाईट वाटलं. आणि माझं असं आहे की वाईट वाटलं की मला राग येतो.

त्याच सुमारास सरकारकडून बागांसाठी अनुदान आलं आणि नगरपालिकेनं प्रत्येक वॉर्डाला त्यातला वाटा ठरवला. वॉर्ड समितीत मी आहे, म्हणून बैठकीला अक्काला ओढूनच नेलं. इंजिनिअर तरुण, म्हैसूरकडचा, मराठीचा गंध नाही. अक्काचं माहेर मुडबीचं, घरात सगळी मराठी, तरी बाई धीर करून उभी राहिली आणि कन्नडमध्ये म्हणाली, "नम केरिगी कोडरी." आमच्या केरीला द्या. इंजिनिअरनं मान डोलावली. सगळ्यांनी होकार दिला. आम्ही दोघी बाहेर येऊन उसाचा रस प्यालो.

महिने गेले, केरीत फावडंही पडलं नाही. मग एक दिवस रिक्षावाला म्हणाला, "अक्का, तळ्यावर लई झ्याक फरशी टाकलीय, बाकडीपण." तळं गावाबाहेर. आमच्या वाट्याचे पैसे तिकडं कसे गेले? मी तडक नगरपालिकेत गेले. डोकं असं तापलेलं की पायऱ्यांवरच भांडायला सुरुवात केली.

तो इंजिनिअर पोरगा गोंधळून कन्नडमध्ये म्हणाला, "तळ्यालाच मागितलं होतं ना तुम्ही?"

मग उलगडलं. कन्नडमध्ये ए दोन आहेत, एक आखूड, एक लांब. लांब ए-ची केरी म्हणजे गल्ली. आखूड ए-चं केरे म्हणजे तळं. आपल्या मराठी जिभेला ए एकच. तो आखूड पडला काय, लांब पडला काय, आपल्याला पत्ता नसतो. अक्काचा आखूड पडला होता. त्यात आमच्याकडचे कन्नड लोक घराला मने न म्हणता मनी म्हणतात, तसंच केरे न म्हणता केरी. हे सगळं त्या पोरानं इथं आल्यावर मन लावून शिकून घेतलं होतं. अक्काचं बोलणं आपल्याला नीट कळलं, याचा त्याला अभिमान वाटला होता. आता अशा माणसावर ओरडायचं तरी कसं? त्याचं तोंड एवढंसं झालं होतं. मीच त्याला म्हटलं, "जाऊ द्या, पाणी प्या."

अक्का ऐकून आधी हसली. मग पदरानं डोळे पुसत म्हणाली, "माझीच जीभ मेली."

तळ्यावरचं काम चांगलं झालं होतं, खोटं कशाला बोलू. पलीकडच्या वस्तीवरच्या बाया संध्याकाळी तिथं टेकायच्या. ते उखडून आणा असं कोण म्हणणार? अक्कानं अण्णांना रिक्षानं न्यायचा घाट घातला. पण दोघांनी धरून चढवायचं, दोघांनी उतरवायचं, बाजारातली ओळखीची माणसं बघणार. चार दिवसांत अण्णांनी तेही बंद केलं.

पुढं अनुदानाचा दुसरा हप्ता आला. आमच्या कॉलनीचे अध्यक्ष म्हणाले, "मागच्या खेपेला केरीला दिलं. आता पाळी आमची. वाटणी सारखी नको का? कारंजं दुरुस्त करू." वाईट माणूस नव्हे हां. कुणाच्या घरी मयत असली की पहिला धावून येणारा. पण कागदावर केरीला मिळालेलं होतं, आणि हे आयुष्यभर कचेरीत कागदच वाचत आलेले.

मी म्हटलं, "बैठक केरीत घ्या. बसून बघा, मग सारखं काय ते ठरवा."

घेतली. वाटेतच खुर्च्या मांडल्या, कारण दुसरी जागाच नव्हती. अध्यक्ष कारंज्यावर बोलत असताना दारातले अण्णा उठायला लागले. आपल्यावरच बोलणं चाललंय हे त्यांना कळलं असावं. अक्कानं धावत जाऊन हात धरला. एक पाऊल, थांबायचं, उजवा पाय ओढायचा. एवढ्यात मागून दुधाची मोटारसायकल आली, हॉर्न वाजला आणि अण्णा होते तिथं भिंतीला चिकटले. डोळे मिटून घेतले त्यांनी. अध्यक्षांनी उठून गाडीचं हँडल धरलं, दूधवाल्याला मागं ढकललं आणि स्वतःची खुर्ची उचलून अण्णांकडं नेली.

"कारंजं राहू द्या," ते म्हणाले. "ते नाहीतरी कोण बघतं."

इंजिनिअर उकिरड्यात जाऊन उभा राहिला, बुटांसकट. पाय आपटून त्यानं विचारलं, "इल्ली?" म्हणजे इथं का. सगळी केरी एकसुरात म्हणाली, "इल्ले." इथंच. या वेळी कुणी शब्दावर भरवसा ठेवला नाही.

उकिरडा उपसला, फरशीची गोल वाट झाली, एका कडेला आधाराला लोखंडी दांडा, दोन बाकडी. अक्का रोज अण्णांना घेऊन यायला लागली. हात हातात धरून एक फेरी, मग दोन. मीही कॉलनीची बाग सोडून तिकडंच जायला लागले.

परवा अण्णांनी तिचा हात सोडवला. रागानं नव्हे, हळूच, पोरासोरांच्या मुठीतून बोट काढावं तसा. डाव्या हातानं दांडा धरला आणि एकटे निघाले. अक्का जागच्या जागी उभी. मी तिला ओढून बाकड्यावर बसवलं. ते पलीकडच्या वळणाला पोचले तरी तिचा हात तसाच पुढं, अर्धा वळलेला.

"खाली घे की गं हात," मी म्हटलं.

तिनं हाताकडं बघितलं. "व्हय," म्हणाली. "पर इतकी वर्सं त्यांनाच धरून हाय. आता ह्याचं काय करू, सांग."

मी तो हात माझ्या मांडीवर घेतला.